प्रो

नाशिकच्या गंगापूर रोडवर माणसाचा पत्ता सर्कलवरून सांगतात. प्रसाद सर्कल, विद्या विकास सर्कल, जेहान सर्कल. एवढं सांगितलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही, थेट भाड्यावर येतो. आमचा प्रो जेहान सर्कलपासून आत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. राहतो म्हणजे त्याचं आधार कार्ड तिथे राहतं. तो स्वतः गेली काही वर्षं पोचिंकीला असतो. पोचिंकी दिंडोरीच्या पुढे नाही की पेठच्या अलीकडे नाही. ते पबजीच्या नकाशावरचं गाव आहे. तिथल्या कुठल्या घराच्या कुठल्या खोलीत हेल्मेट सापडतं ते त्याला झोपेत विचारा, सांगेल. स्वतःच्या घरात गॅसचा लायटर कुठे असतो ते मात्र विचारू नका.

त्याचं पाळण्यातलं नाव मार्कशीटवर आहे. बाकी सोसायटी त्याला प्रो म्हणते आणि गेममध्ये तो 'वाघोबा ४२२०१३' असतो. शेवटचे आकडे म्हणजे आमचा पिनकोड. जगातल्या कुठल्याही शत्रूला घरपोच सूड उगवता यावा, एवढी सोय त्याने आपणहून करून ठेवली आहे.

वय तेवीस. इंजिनिअर झाला आहे आणि 'प्लेसमेंटचं चालू आहे'. सातपूरच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या वडिलांनी ऑनलाइन लेक्चरसाठी म्हणून घेऊन दिलेल्या लाल-काळ्या खुर्चीत तो संध्याकाळी सातला बसतो. बसण्याआधीचा विधी बघण्यासारखा असतो. आजीचा पावडरचा डबा येतो. अंगठ्यांना आणि तर्जनींना पावडर लागते, कारण घामाने बोट घसरलं तर निशाणा चुकतो. आजीला पूर्वी वाटायचं, नातू उशिरा का होईना, आंघोळीनंतर नीटनेटका राहायला लागला. मग बोटांवर काळ्या कापडाच्या टोप्या चढतात, कानांवर हेडफोन चढतो आणि घरातला सौम्य, भेंडीची भाजी निवडून खाणारा मुलगा एकदम ओरडतो, "भो, नॉक केला! जा, जा, संपव त्याला!" खाली पार्किंगमध्ये गाडी लावणारा नवा भाडेकरू सुरुवातीला दोन पावलं मागे सरकला होता. आता तोही सरावला.

आई थालीपीठ घेऊन येते. "अरे, गरम आहे तोवर खा."

"अगं आई, झोन लहान होतोय!"

"थालीपीठही लहान होतंय. बाबांनी अर्धं खाल्लं."

या घरात हिंसाचार म्हणावा असा प्रकार आजवर एवढाच झाला आहे. तरी हिंसेवरून प्रोचं नाव सोसायटीत गाजलं ते गणेशोत्सवात. आमच्याकडे पाचव्या दिवशी वादविवाद असतो आणि त्याचा विषय गेली तीस वर्षं एकच आहे. फक्त वस्तू बदलते. दूरदर्शन शाप की वरदान, संगणक शाप की वरदान, मोबाईल शाप की वरदान. त्या वर्षी हिंसक गेम होते. शापाच्या बाजूने खुद्द चेअरमन उभे राहिले. चेअरमन नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर नोटा छापल्यामुळे आपलं प्रत्येक वाक्य चलनात जातं अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी तयारी चोख केली होती. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या कॉलेजच्या मुलांना धरलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात हा गेम बंद करा म्हणून एका अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाने जनहित याचिका झाली. 'परीक्षा पे चर्चा'मध्ये एका आईने मुलाची तक्रार मांडली, तेव्हा पंतप्रधानांनीही "ये पबजीवाला है क्या?" असं विचारलं. आणि २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने ११८ अ‍ॅप्स बंद केली, त्यात तो गेला. (तो गेला चीनशी सीमेवर झालेल्या संघर्षानंतर, डेटाच्या सुरक्षेवरून. हिंसेवरून नाही. पण चेअरमनांना मध्ये कुणी अडवत नाही.)

"आज गेममध्ये गोळी, उद्या घरात होळी!" चेअरमन म्हणाले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात माईक किंचाळला. त्यांनी साउंडवाल्याकडे वळून बघितलं आणि त्याच माईकवरून म्हणाले, "ए, मार खायचाय का रे?" नंतर पुन्हा अहिंसेकडे वळले.

प्रो उठला. त्याने मुद्दे मोबाईलमध्ये आणले होते, हे पाहून आम्ही परीक्षकांनी तिथेच दोन गुण कापले. पण पोरगं बोललं बरं. कॅलिफोर्नियाने अल्पवयीन मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घातली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ती रद्द केली. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी ग्रिमच्या परीकथांचा दाखला दिला. त्यात लहान मुलं म्हातारीला भट्टीत ढकलतात आणि जगभरच्या आया त्या गोष्टी सांगून मुलांना झोपवतात. "आणि आपल्याकडे," प्रो म्हणाला, "नरसिंहाने उंबरठ्यावर बसून जे केलं, ते कुठल्याही गेममध्ये टाकलं तर त्याला अठराच्या वरचं रेटिंग मिळेल." इथे पुढच्या रांगेतून त्याच्याच आजीचा आवाज आला, "गपे! दैवताला तुझ्या खेळात ओढू नकोस."

मला त्या वेळी हात वर करून एक गोष्ट सांगायची होती, पण परीक्षकाने बोलायचं नसतं. आपल्याच नाशिकात २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या त्या विजयानंद थिएटरात, नाटकाच्या वेळी. त्या रात्री नाटक कोणतं होतं? 'संगीत शारदा'. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या कोवळ्या मुलीची ती कथा. त्यात कुणी कुणाला बोटही लावत नाही. पुढच्याच वर्षी सरकारने बंदी घातली ती खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर. त्यामागची कारणं राजकीय होती, हे खरं. पण गोळी एकीकडे आणि बंदी दुसरीकडे, ही सरकारी पद्धत मोबाईलच्या किती आधीपासूनची आहे, एवढंच सांगायचं होतं.

तर प्रो जिंकत होता. शेवटचं एक मिनिट उरलं होतं आणि त्याने तिथेच गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पबजीच्या जागी बीजीएमआय आणला, त्यात 'किल'चं 'फिनिश' केलं आणि रक्त हिरवं केलं. हा माझा अपमान आहे. आम्ही इतकी वर्षं खेळतो, आम्हाला विचारलं होतं का?"

सभा जरा गोंधळली. नुकताच हा मुलगा गेममधली हिंसा निरुपद्रवी असल्याचं सांगत होता, आता रक्ताचा रंग बदलला म्हणून त्याचा गळा दाटून आला होता. आजीने शेजारणीला विचारलं, "रक्त हिरवं? म्हणजे रंगपंचमीच्या रहाडीत उडी मारली की काय यांनी?" वरदान पक्ष हरला.

रक्ताचा हा प्रश्न गंगापूर रोडवर उपटलेला नाही. 'मॉर्टल कॉम्बॅट' १९९२ मध्ये आला. पुढच्या वर्षी तो घरच्या यंत्रांवर आणताना निन्टेंडोने त्यातलं रक्त काढून तिथे करडा घाम घातला. मुलांनी निन्टेंडोचा घाम नाकारला आणि रक्तवाली आवृत्ती असलेल्या सेगाकडे धाव घेतली. त्याच डिसेंबरात अमेरिकी सिनेटर या विषयावर सुनावणी घेत बसले आणि त्यातून १९९४ मध्ये गेमना वयाचं रेटिंग देणारी संस्था निघाली. त्याही आधी, १९७६ च्या 'डेथ रेस'मध्ये काड्यांसारख्या आकृत्या गाडीखाली यायच्या, तेव्हाही हाच गलका झाला होता. म्हणजे या वादाचं वय पन्नास. प्रोच्या वडिलांएवढं. दोघेही तितकेच थकलेले आणि दोघांचंही प्रो ऐकत नाही.

माझं मत विचाराल तर हिंसेची चर्चा आपण भलत्याच दारात बसून करतो आहोत. गेममधून पोरं खुनी होऊन बाहेर पडतील या भीतीने आपण जागे राहिलो आणि ती बाहेर पडली जावई होऊन.

जावई म्हणजे नातं नव्हे, वृत्ती. हुंडा नको म्हणून मोठेपणा घ्यायचा आणि चहा कोमट आला म्हणून मांडवात रुसायचं. खर्च सासऱ्याचा, कष्ट सासूचे, मान आपला. प्रोचं आणि गेम कंपन्यांचं नातं नेमकं हेच आहे. त्याने आजवर त्यांना काय दिलं? भाऊबिजेच्या ओवाळणीतून एकदा एक रॉयल पास घेतला. तेव्हापासून तो कोरियातल्या क्राफ्टन कंपनीचा उल्लेख 'आपली कंपनी' असा करतो आणि तिच्या चुका घरातल्या पुतण्याच्या चुकांसारख्या मोजतो. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय अचानक दुकानातून गायब झाला तेव्हा त्याने दोन दिवस अन्न टाकलं. म्हणजे घरचं. मिसळ चालू होती. मे २०२३ मध्ये गेम परतला, पण सरकारी अट घेऊन: अठराच्या आतल्यांना रोज तीन तास, मोठ्यांना सहा. प्रो माझ्याकडे आला. "काका, सहा तासांत माणूस करणार काय?"

मी म्हटलं, "अरे, तुझे बाबा आठ तासांत पाळी संपवून घरी येतात."

"त्यांना पगार मिळतो ना पण," तो म्हणाला. याला उत्तर नव्हतं.

मधल्या काळात, २६ जानेवारी २०२१ ला, बेंगळुरूच्या कंपनीचा 'फौजी' आला. अक्षय कुमारने जाहीर केलेला, गलवानच्या पार्श्वभूमीचा, स्वदेशी. प्रोने त्याला एक तारा दिला तेव्हा तो अजून डाउनलोड होत होता. कारण लिहिलं: 'पबजी नाही.' असे हजारो जावई देशभर रुसले आणि त्याचं रेटिंग धडाधड घसरलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. एक भारतीय मुलगी, राजस्थानी वाडे, पुराणातले असुर. मोजक्या माणसांनी हाडं झिजवून केलेलं काम. प्रो म्हणाला, लवकर संपतो. विकत घेतलास का, विचारलं. नाही, मित्राच्या लॅपटॉपवर बघितला. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तेव्हा तो मुळातच फुकट होता, त्यामुळे प्रोची पंचाईत झाली. शेवटी त्याने मागणी काढली की मराठी माणसाला बंदुकीची कातडी, म्हणजे स्किन, वेगळी मिळावी. कंपनी पुण्याची असल्याने मागणी मान्य होणार नाही हे त्याला नाशिककर म्हणून ठाऊक होतंच.

जावयांचा हा समाज आंतरराष्ट्रीय आहे. २०१२ मध्ये कॅनडाच्या बायोवेअर कंपनीच्या 'मास इफेक्ट' या अवकाशकथेच्या त्रयीचा तिसरा आणि शेवटचा भाग निघाला. शेवट तीन प्रकारचे होते, पण फरक मुख्यतः रंगाचा, अशी चाहत्यांची तक्रार. त्यांनी वर्गणी काढली आणि कंपनीला चारशेच्या आसपास छोटे केक पाठवले. वरचं क्रीम लाल, निळं, हिरवं आणि आत सगळीकडे एकच व्हॅनिला. रुसव्याचा इतका देखणा प्रकार मी दुसरा ऐकला नाही. कंपनीने केक एका निवारागृहाला देऊन टाकले आणि त्याच जूनमध्ये वाढवलेला शेवट फुकट वाटला. आमच्याच रोडवर कुसुमाग्रज स्मारक आहे. त्यांचं 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आलं, म्हाताऱ्याचे हाल बघून लोक डोळे पुसत घरी गेले. सगळ्यांनी एकत्र फोटो काढावा असा शेवट करून द्या म्हणून कुसुमाग्रजांच्या घरी कुणी केक पाठवल्याचं ऐकिवात नाही.

केकपर्यंत गंमत आहे. पुढे नाही. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' लांबला, तेव्हा तो बनवणाऱ्याला आणि लांबल्याची बातमी देणाऱ्या पत्रकाराला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. २०२० मध्ये 'सायबरपंक' लांबला, त्याच्या निर्मात्यांनाही आल्या. त्याच वर्षी 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात एका पात्राची नुसती भूमिका केली म्हणून लॉरा बेली या अभिनेत्रीला आल्या. धमकी देणाऱ्यांनी तिच्या लहानग्या मुलालाही सोडलं नाही. गेम खेळून माणूस हिंसक होतो का, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. गेम हातात पडायच्या आधी किंवा मनासारखा निघाला नाही म्हणून तो काय बोलतो, ते मात्र लेखी उपलब्ध आहे.

प्रोनेही एकदा धमकी दिली आहे. सर्व्हर बंद पडून त्याची रँक गेली, तेव्हा कंपनीच्या मदतकक्षाला त्याने मेल लिहिला. मजकूर त्याने मला दाखवला, कारण इंग्रजी तपासून हवं होतं. 'मी तुम्हाला बघून घेईन' असं त्यात होतं आणि खाली 'आपला विश्वासू' होतं. मी फक्त स्वल्पविराम सुधारले.

त्याच्या अंगातल्या प्रत्यक्ष शौर्याचा अंदाज आम्हाला आला तो बिबट्याच्या रात्री. गोदाकाठच्या मळ्यांतून बिबट्या शहरात शिरतो ही आता गंगापूर रोडला बातमी राहिलेली नाही, पण आपल्याच पार्किंगमध्ये तो आहे म्हटल्यावर माणूस जागा होतो. साडेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: 'बी विंगच्या मागे डोळे चमकले.' पाच मिनिटांत सगळे गॅलऱ्यांत. चेअरमन क्रिकेटची बॅट घेऊन पहिल्या मजल्याच्या जाळीआड उभे होते आणि मधूनमधून 'हट्' म्हणत होते. प्रोचा पत्ता नव्हता, पण ग्रुपवर त्याचे व्हॉइस मेसेज सुरू झाले. आवाज भारदस्त होता आणि घुमत होता. "कुणीतरी डावीकडून कव्हर द्या. जनरेटरच्या मागे कॅम्प करून बसा. एकटं पुढे जाऊ नका, स्क्वाडने जा." आवाज का घुमतोय हे त्याच्या आईने खुलासा केल्यावर कळलं. तो बाथरूममध्ये कडी लावून बसला होता.

सुरगाण्याकडचा आमचा वॉचमन. जन्मात बटणाचाच फोन. त्याने बिडी विझवली, टॉर्च घेतला, काठी घेतली आणि कव्हर न घेता चालत गेला. परत आला तो हसत. पिवळं कुत्रं होतं, पिल्लांपाशी बसलेलं. सकाळी गुगल मॅपवर आमच्या सोसायटीला नवा एक तारा पडलेला दिसला. खाली शेरा: 'सिक्युरिटी खराब. बिबट्या इश्यू.' पाठवणारा: वाघोबा ४२२०१३.

हल्ली त्याला भविष्य दिसू लागलं आहे. याला कारण आमचा जिल्हा. जुलै २०२५ मध्ये सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर पत्त्यांचा गेम खेळत असल्याची म्हणून एक चित्रफीत फिरली. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेरीस त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. प्रो पेढे घेऊनच आला. "काका, बघा, याला म्हणतात करिअर." लगेच ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशांच्या गेमवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता. बंदीचा भाग प्रोने वाचला नाही. मान्यतेचा भाग त्याने वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला आणि आता सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाची चौकशी चालवली आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटर धावून कांस्यपदक आणलं, हे मी त्याला सांगितलं. "दहा हजार मीटर?" तो म्हणाला, "गाडी नव्हती का मॅपवर?"

सध्या मात्र तो सुतकी चेहऱ्याने फिरतो. 'जीटीए'चा पाचवा भाग सप्टेंबर २०१३ चा. तेव्हा प्रो चौथी-पाचवीत होता. सहाव्याची झलक डिसेंबर २०२३ मध्ये दाखवली आणि २०२५ चा वायदा केला. तो मोडून २६ मे २०२६ ही तारीख दिली. ही तारीख ऐकून प्रोची आजी एकटीच खूश झाली, कारण २६ मे नेमका अधिक ज्येष्ठात येतो आणि जावयाला वाण द्यायचा तोच महिना. कंपनीने वाण दिलं नाही. नवी तारीख १९ नोव्हेंबर २०२६, म्हणजे दिवाळसणही हुकला. "तेरा वर्षं, काका! तेरा वर्षं आम्ही वाट बघतोय, यांना काही वाटतं का?" तो पोटतिडकीने म्हणत होता. मागून त्याच्या बाबांनी पेपर खाली घेतला, प्लेसमेंटचं काय झालं असं विचारावंसं त्यांना वाटलं असणार, पण त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

आता राहिलं ते उपवर मुलींच्या वडिलांसाठी. स्थळ चांगलं आहे, बेलाशक बघायला या. मुलगा निर्व्यसनी आहे, घरी असतो, झुरळही मारत नाही, आईला हाक मारतो. मान-पानाचा त्रास तुम्हाला होणार नाही. तो सगळा त्याने परदेशी कंपन्यांवर काढून झाला आहे. फक्त मुहूर्त धरताना १९ नोव्हेंबर आणि त्यापुढचे दोन महिने टाळा, आणि येताना फोन करून या. तो उचलणार नाही, आईला करा.